खालच्याचं खालचा बघेल

मे महिना संपत आला की कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा. घराघरातून एकेक पुरुषमाणूस खांद्यावर फावडं टाकून बाहेर पडतो, घराभोवती चक्कर मारतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि शेजाऱ्याच्या अंगणाकडे बघत विचारात पडतो. नवख्याला वाटतं, गडी पावसाच्या तयारीला लागला. ते खरंच आहे. फक्त तयारी असते ती यंदा आपलं पाणी शेजाऱ्याकडे नेमकं कुठून काढून द्यायचं याची. त्याच वेळी वरच्या घरचा मालक त्याच्या गडग्यापाशी उभा राहून आपल्या अंगणाकडे तस्साच बघत असतो.

घराभोवतालच्या पाण्याचा निचरा हा विषय इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, हेच मुळात चुकलं. तो लॉ कॉलेजात हवा, आणि प्रॅक्टिकल भाऊबंदांत. पाणी वरून खाली जातं इतकंच त्यातलं शास्त्र. ते पहिल्या तासाला संपतं. उरलेली तीन वर्षं 'खाली कोण राहतं' या एका प्रश्नाला द्यावी लागतील.

आमच्या वाडीची रचना या अभ्यासाला फार सोयीची. डोंगराच्या उतारावर घरं एकाखाली एक. वर बापूंचं, मग आमचं, खाली काकूंचं, आणि काकूंच्या परसाला लागून पऱ्या. उन्हाळ्यात या पऱ्यातून गुरं चालत जातात, आषाढात कुणी बांधून ठेवली नाहीत तर वाहत जातात. बापूंच्या वर नुसता सडा. त्यामुळे बापूंना तक्रार करायला माणूस नाही, आणि ती खंत त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. काकूंच्या खाली पऱ्या, म्हणजे त्यांना कुणाचं ऐकून घ्यावं लागत नाही. आमचं घर मधलं. बापूंसमोर आम्ही वादी आणि काकूंसमोर प्रतिवादी. सकाळी वरच्या गडग्यापाशी जाऊन "अहो बापू, तुमचं पाणी तुम्ही आवरायला नको का?" असं विचारायचं, आणि दुपारी खालच्या गडग्यापाशी "काकू, पाणी कुणाच्या बापाचं ऐकतं का?" अशी समजूत घालायची. दोन्ही वाक्यं मी मनापासून बोलतो.

भांडण क्षुल्लक वाटत असेल तर हिशेब करून बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दीड हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे नुसत्या छपरावरून चार लाख लिटरच्या वर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरवाले चाळीस टँकर. अंगण, परसू आणि बापूंकडची आवक वेगळी. याच वाडीत एप्रिलमध्ये खराखुरा टँकर येतो, तेव्हा दोन हंड्यांवरून दोन घरांत "पाणी माझं" म्हणून बाचाबाची होते. जुलैत त्याच दोन घरांत "पाणी तुझं" म्हणून होते.

जुन्या लोकांनी यावर केलेले उपाय साधे होते. जोतं चांगलं उंच. छपराची वळचण दीड-दोन हात पुढे आलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. पागोळ्या पडतात त्या रेषेत दगडांची रांग, म्हणजे माती उडून जोत्यावर शिंतोडे येत नाहीत. आणि मागच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला, घराच्या जमिनीपेक्षा खोल चर. त्यांना कुणी कन्सल्टंट नव्हता. चार महिने ओटीवर बसून पाऊस बघण्यापलीकडे दुसरा उद्योग नव्हता, आणि बघून बघून कळत होतं.

त्यातलं पन्हळ हे स्फोटक प्रकरण. पूर्वी पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून पन्हळ करत. ती काही पावसाळ्यांत कुजायची, आणि तिच्यावरून लागलेलं भांडणही तिच्यासोबत कुजायचं. आता पीव्हीसी आलं. ते कुजत नाही.

वाडीच्या त्या टोकाला दोन चुलतभावांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. थोरल्याने छपराला नवी पन्हळ लावली, चार इंची पाइप खाली उतरवला आणि त्याच्या तोंडाला एल्बो बसवला. प्लंबर सोल्युशन लावायला लागला तेव्हा थोरला म्हणाला, "राहू दे. काढून साफ करायला बरं पडतं." प्लंबरला वाटलं, माणूस दूरदर्शी आहे. होताच. दिवसा एल्बोचं तोंड थोरल्याच्या स्वतःच्या अंगणाकडे. रात्री जेवणं होऊन दिवे मालवले की ते फिरून धाकट्याच्या अंगणाकडे. पहाटे दूधवाला यायच्या आत पुन्हा जागच्या जागी. आपल्याकडे पाऊस रात्रीचाच का पडतो, हे धाकट्याला बरेच दिवस कळेना. मग एकदा फुटलेलं कौल बघायला म्हणून तो तिकडून गेला, सहज हात लावला, आणि एल्बो फिरला.

धाकट्याने आरडाओरडा केला नाही. तोही रात्री उठायला लागला. थोरला दहाला फिरवायचा, धाकटा बाराला परतवायचा, थोरला अडीचला पुन्हा. एका रात्री जोराची झड लागलेली असताना दोघे एकाच वेळी एल्बोपाशी पोचले. दोघांच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, दोघांच्या हातात बॅटरी.

"काय रे, झोप नाही?"

"कुठली. म्हटलं बघून यावं, पाऊस कसा काय लागतोय."

"लागतोय बरा."

"भाताला चांगला."

एवढं बोलून दोघे आपापल्या घरात गेले. हे सगळं थोरल्या वहिनींकडून कळलं. त्या खिडकीत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच प्लंबरला बोलावून, सोल्युशन लावून, एल्बोचं तोंड बरोबर दोन अंगणांच्या मधोमध, हद्दीवर, कायमचं चिकटवून टाकलं. वाडीने वहिनींच्या न्यायबुद्धीची तारीफ केली. ऑगस्ट संपेपर्यंत त्या धारेने हद्दीचा दगड उखडून पऱ्यात नेला. आता दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला आहे.

छपरावरचं पाणी निदान दिसतं तरी. घराखालचं पाणी सांगून येत नाही. आषाढात चार-पाच दिवस सलग लागला की सड्याच्या जांभ्यात मुरलेलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली सरकतं, आणि डोंगर तासून जिथे घर बसवलंय तिथे, बरोबर माजघराच्या कोपऱ्यात, जमिनीतून वर येतं. उपळ फुटला म्हणतात तो हाच. छप्पर गळत नाही, दारातून थेंब आत येत नाही, आणि तरी देव्हाऱ्यासमोरचा पाट जागचा हलतो.

उपळ फुटला की घरात दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, शुभ आहे, घरी गंगा आली. हा पक्ष मुंबईला राहतो आणि फोनवर बोलतो. दुसरा पक्ष फडकं आणि बादली घेऊन खाली बसलेला असतो. त्याला मत विचारायची पद्धत नाही.

उपाय एकच. पाणी घराखाली शिरण्याआधी मागच्या अंगाला अडवायचं आणि बाजूने काढून द्यायचं. म्हणजे तोच जुना चर. त्याचा तळ घराच्या जमिनीपेक्षा खाली हवा, त्याला एका अंगाला उतार हवा आणि शेवटचं तोंड उघडं हवं, एवढ्याच त्याच्या अटी. आत खडी भरली तर माणूसही पडत नाही. १८५९ साली अमेरिकेत हेन्री फ्रेंच नावाच्या गृहस्थाने शेतजमिनीच्या निचऱ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि खडी भरलेल्या चराला तिकडे अजून त्याचं नाव चालतं. गृहस्थ पेशाने वकील होते. लॉ कॉलेजचं मी उगाच म्हणालो नव्हतो.

वाडीतल्या बहुतेक घरांनी आपले चर अलीकडच्या काळात बुजवले. कारण चाकरमानी गणपतीला आता गाडी घेऊन येतो, आणि गाडीला जागा लागते. घरामागे चरावर भराव घालायचा, वर पेव्हर ब्लॉक बसवायचे, आणि त्यावर गाडी उभी करून तिच्या काचेला हार घालायचा. पाच दिवसांच्या गाडीपायी चार महिन्यांचं पाणी घराखाली घेतलं, हे विसर्जन झाल्यावर लक्षात येतं. तोवर गाडी गेलेली असते.

उपळ फुटला नाही तरी ओल असतेच. पूर्वी जमीन शेणाने सारवलेली असायची. खालून येणारी ओल तिच्यातून वर येऊन हवेवर सुकून जायची. मग शहाबादी आली, आणि आता तोंड बघून भांग पाडता येईल अशा व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. जमिनीची वाट बंद झाल्यावर ओल भिंतीकडे वळली. जांभ्याचा चिरा सच्छिद्र. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यातून चढत जातं. गुडघाभर, मग कमरेएवढं. गेल्या दिवाळीला दिलेला रंग आषाढात फुगायला लागतो. फुगा आधी रुपयाएवढा असतो, मग बशीएवढा होतो. घरातलं एक पोर त्याच्यावर डोळा ठेवून असतं. त्याने बोट लावलं की रंगाची पापडी सुटून लोंबते, आतून ओलसर तांबूस भुकटी जमिनीवर सांडते, आणि मागे चिऱ्यावर धरलेला पांढरा लोणा दिसतो. भिंत आपल्या आजोबांनी चिऱ्याचीच बांधली होती याची खात्री अशी दरवर्षी पटवून घेता येते.

रंगाचा दुकानदार सांगतो, "काका, हा नवीन लावा. बाहेरचं पाणी आत येणार नाही." बरोबर. आतलं बाहेरही जाणार नाही.

आता मेस्त्री. उन्हाळ्यात अंगणाला फरशी घालायची ठरली की मेस्त्री आपली पारदर्शक नळी काढतो. तिच्यात पाणी भरतो, मध्येच अडकलेला बुडबुडा नखाने टिचक्या मारून मारून वर घालवतो, आणि एक टोक हाताखालच्या पोराकडे देऊन त्याला अंगणाच्या पलीकडे पाठवतो. "वर घे. अजून. आता खाली. हां, थांब." दोन्ही टोकांचं पाणी स्थिर झालं की भिंतीवर पेन्सिलीची रेघ. लाखभर रुपयांचं यंत्र यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. पातळी कुठे आहे हे खुद्द पाण्यालाच विचारून घेणारा हा माणूस, जेवणाची सुट्टी झाल्यावर येऊन, त्या अंगणाचा उतार घराच्या दाराकडे देतो.

"मेस्त्री, उतार कुणीकडे दिलात?"

"चौफेर दिलाय."

"चौफेर म्हणजे कुणीकडे?"

"तुम्ही काळजी करू नका. पाणी आपली वाट काढतं."

हे वाक्य आल्याशिवाय मेस्त्रीला थापी हातात देत नसावेत. आणि ते खोटंही नाही. पाणी वाट काढतंच. ती तुळशीवृंदावनाला वळसा घालून पायरीपाशी येते आणि तिथे मुक्काम करते. खरं तर पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार, घराकडून बाहेर, एवढं झालं तरी पुष्कळ. सहा इंच म्हणजे वीतसुद्धा होत नाही. पण मेस्त्रीच्या डोळ्याला तो जास्त वाटतो, आणि मालकाला तो दिसला तर खुपतो. कारण अंगणात खुर्ची तिरकी बसते. एकंदरीत खुर्ची सरळ बसावी म्हणून माणसं घरात पाणी घेतात.

मेस्त्रीच्या वर वास्तुवाला. त्याच्या शास्त्रात भूखंडाचा उतार पूर्वेला, उत्तरेला किंवा ईशान्येला असावा. पश्चिमेला असला तर धनहानी. आता सह्याद्री पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, सगळ्या पश्चिमेला धावतात. म्हणजे अख्खं कोकणच धनहानीत वसलेलं आहे, आणि आमच्या मागच्या तीन पिढ्या मनीऑर्डरीवर का जगल्या याचा उलगडा झाला. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, जमीन काढून दिली. उताराचं तेवढं बघायचं राहून गेलं. देशावर कृष्णा-गोदावरी पूर्वेला जातात, तिथे हे शास्त्र फुकटात लागू पडतं. इथे ईशान्येकडे पाणी न्यायचं तर पंप लागतो. वाडीत एकाने बसवलाही. धनहानी व्हायची ती वीजबिलात झाली.

सरकारी गटाराबद्दल फार लिहीत नाही, कारण ते फार लांब नसतंच. मार्चअखेर निधी येतो आणि रस्त्याकडेला सिमेंटचं गटार होतं. मार्चमध्ये पाऊस नसल्याने उताराची गोष्ट कुणी काढत नाही. गटाराचा काठ अंगणापेक्षा वीतभर वर आला तर अंगणातलं पाणी त्यात चढणार कसं, असं विचारणारा माणूस विरोधी पॅनेलचा ठरतो. निधी जिथे संपतो तिथे गटार संपतं, मग ते कुणाच्या फाटकासमोर का असेना. निधी संपल्याचं पत्र पाण्याला गेलेलं नसतं.

शहरात गंमत उलटी. तिथे घर जागच्या जागी राहतं आणि रस्ता वर येतो. जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा पुरेसं उंच हवं हा नियम, आणि बांधलं तेव्हा ते असतंही. पण जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर, त्यावर आणखी एक, त्यावर काँक्रीट, असं करत करत ज्या घरात लोक तीन पायऱ्या चढून जात, त्या घरात आता एक पायरी उतरून जातात. पाऊसही त्याच पायरीने उतरतो.

हे सगळं आजकालचं आहे असं समजू नका. कौटिल्याने अर्थशास्त्रात लिहून ठेवलंय, की घराच्या पाण्याची वाट शेजाऱ्याच्या जागेपासून तीन पावलं किंवा दीड हात अंतर सोडून काढावी, आणि पाणी सरळ वाहून जाईल अशी काढावी. न काढणाऱ्याला ५४ पण दंड. साम्राज्य चालवायला बसलेला माणूस; हेर, विषप्रयोग, तह आणि चढाया यांतून वेळ काढून सांडपाण्यावर येतो, याचा अर्थ पाटलिपुत्रात त्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी बापू राहत असणार.

इंग्रजांनी १८८२ साली इझमेंट अ‍ॅक्ट केला, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा. मुंबई इलाख्यात तो १८९१ साली आला. त्याच्या सातव्या कलमात उदाहरण देऊन सांगितलंय, की वरच्या जमिनीवर पडलेलं किंवा तिथे उगम पावलेलं पाणी, ठरावीक पाटातून न जाता, आपसूक खाली वाहत असेल, तर खालच्या मालकाने ते येऊ द्यायचं. बापूंना इंग्रजी येत नाही, पण हे कलम क्रमांकासकट येतं. आमच्याकडचं पाणी मी पाइप लावून एका धारेने काकूंकडे सोडलं, तर ते आपसूक राहत नाही. म्हणून बापू कधी पाइप लावत नाहीत. ते फक्त संध्याकाळी फावड्याने मातीला थोडं समजावतात. पुढचं पाणी आपसूक येतं.

१९०६ चा मामलतदार कोर्ट अ‍ॅक्ट आणखी रंगतदार. शेतीच्या, चराईच्या किंवा झाडापेडाच्या जमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणारं पाणी कुणी बांध घालून अडवलं आणि त्याने त्या जमिनीचं नुकसान झालं, तर तो अडथळा काढून टाकायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. पावसाळा चार महिन्यांचा. म्हणजे मुदत ठरवणाऱ्याला कोकणची माहिती होती. पाऊस संपेपर्यंत तोंडाने भांडा, दिवाळीचा फराळ करा आणि मग अर्ज टाका. साहेब स्थळपाहणीला येतात ते जानेवारीत. धुळीने त्यांचे बूट तांबडे झालेले.

"पाणी कुठून येतं?"

"हे इथून, साहेब."

"आणि अडवलंय कुठे?"

"हे इथे, साहेब."

साहेब कोरड्या ठणठणीत मातीकडे बघतात, तिथे चाललेल्या दोन कोंबड्यांकडे बघतात, आणि पुढची तारीख देतात.

कोर्टकचेरीला कंटाळून बापूंनी एका वर्षी मोठं मन केलं. शोषखड्डा हा एकच उपाय असा, की ज्यात शेजाऱ्याचा संबंध येत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडं गटार आणि डास दोन्ही घालवले, तेव्हापासून या उपायाचं नाव झालं. बापूंनी पेपरात वाचलं आणि आपल्या जागेत, स्वखर्चाने, चांगला खोल खड्डा खणून त्यात दगड, खडी, वाळू असे थर भरले. छपराचं सगळं पाणी त्यात सोडलं. पाणी मुरलं. आम्ही वर जाऊन त्यांचं अभिनंदन केलं, नारळही दिला. पण खड्ड्याला तहान असते ती जमीन कोरडी असेपर्यंत. सांडपाण्याच्या चार बादल्यांसाठी केलेल्या कल्पनेला त्यांनी कोकणचा आषाढ पाजला होता. ऐन पावसात जमिनीचं पोट भरलं, आणि बापूंचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या बरोबर खाली, वर आलं. मी वर जाऊन विचारलं. बापू म्हणाले, "आपसूक आलंय."

वाडीतल्या लोकांना हसणाऱ्या शहरी मंडळींसाठी दोन शब्द. मुंबईच्या ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेल्या, तेही समुद्राला ओहोटी असेल तेव्हा. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे माप ताशी ५० वर न्यायला सांगितलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईनेही दुसरं काय केलंय? आपलं पाणी खालच्याला दिलंय. फक्त तिथे खालचा म्हणजे अरबी समुद्र, आणि भरतीच्या वेळी तोच माल त्याच तोंडाने परत पाठवणारा हा शेजारी आहे. त्याच्यावर कलम सात चालत नाही. शेवटी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं बांधून त्याच्या गळी ते पुन्हा उतरवावं लागतं.

राज्यांचंही तेच. कर्नाटकाला आलमट्टी धरणातली पाण्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे, आणि त्याचा फुगवटा आमच्या दारात येईल असं सांगली-कोल्हापूरकरांचं म्हणणं. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचं कारण आलमट्टी नव्हे असा निष्कर्ष काढला. तो तिकडे अनेकांना पटलेला नाही. ज्यांनी घरात छातीभर पाणी बघितलं त्यांची थट्टा करायची माझी छाती नाही. पण काकूंनी त्यांच्या गडग्यावर दोन चिरे चढवले आणि आमचं अंगण तुंबलं, हे प्रकरण मीटरमध्ये मांडलं की आंतरराज्यीय होतं आणि त्याला लवाद मिळतो. आम्ही ते फुटात मांडलं, म्हणून आम्हाला तलाठीसुद्धा भेटत नाही.

काकूंचं म्हणणं विचाराल तर त्यांनी ते चिरे कोंबड्यांसाठी चढवले आहेत.

तर वाचकहो, यंदा पहिला मोठा पाऊस लागला की भजी दहा मिनिटं उशिरा तळा. छत्री घ्या आणि भर पावसात घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठल्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून वाहतं ते बघा, आणि तिथे तिथे खुंटी ठोका. मागचा चर बुजवला असेल तर पाऊस उघडल्यावर आधी गाडी हलवा आणि तो उकरा. पन्हळीच्या एल्बोला सोल्युशन लावा. तोंड कुणीकडे ठेवायचं ते आपल्या वहिनींना विचारून. आणि मेस्त्रीला बोलवायचं तर जुलैतच बोलवा, मे महिन्यात नको. तो येणार नाही, पाऊस उघडला की येतो म्हणेल. तुम्ही खुंट्या मात्र उपटू नका.